सात सेंटिमीटरचा बरकंदाज

साताऱ्यात राहणाऱ्या कुणालाही ऐतिहासिक लघुशिल्प करावंसं वाटलं, की पहिला विचार महाराजांचा येतो. माझ्याही मनात तोच आला होता. पण शिकाऊ बोटांनी महाराजांचा चेहरा करायला घ्यायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. शिवाय त्यांचे पुतळे गावोगाव आहेत. त्यांच्या पश्चात ज्यांनी किल्ले लढवले, त्या साध्या शिपायांचा चेहरा मात्र कुठेच पाहायला मिळत नाही. मला तसा एक बिननावाचा माणूस घडवायचा होता, आणि तो साताऱ्याचाच हवा होता.

त्याला शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. डिसेंबर 1699 मध्ये खुद्द औरंगजेब या किल्ल्याला वेढा घालून बसला. गडावर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. वेढा रेंगाळला, तेव्हा मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाच्या बाजूला तटाखाली सुरुंग खणले आणि 13 एप्रिल 1700 रोजी त्यांना बत्ती दिली. पहिल्या स्फोटात तट आत कोसळला, गडावरची माणसं ढिगाऱ्याखाली गेली. स्वतः प्रयागजी गाडले गेले होते, ते जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या अंगाला ढासळला, तो थेट खाली हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावर. मार्चमध्येच सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. एप्रिल संपायच्या आत किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. शाळेत हे सगळं चार ओळींत संपतं. पण चार महिन्यांहून जास्त काळ रोज रात्री त्या तटावर कोणीतरी बंदूक धरून जागं राहिलं असणार. तोच माझा माणूस: बरकंदाज, म्हणजे तोड्याची बंदूक चालवणारा शिपाई. पहाट झाली आहे, पहारा संपत आलाय, बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून तो खाली शत्रूच्या तळाकडे बघतो आहे.

प्रमाण एकास चोवीस धरलं. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस सात सेंटिमीटरचा होतो. लघुशिल्पांत 54 मिलिमीटर हे जुनं, मानाचं माप. इंग्लंडच्या ब्रिटन कंपनीने 1893 पासून शिशाचे आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली आणि ते माप घरोघरी पोचलं. पण नवख्या हाताला ते फार लहान पडतं. एकदा प्रमाण ठरलं, की कुठेही सूट नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी चालतो, आणि तो तिथे शोभतोही. बाजारात मांडलेली ती मातीची रंगीत चित्रं दिसली की अजून माझे पाय थबकतात. इथे मात्र पाच फुटी बंदूक 6.3 सेंटिमीटरचीच, डोकं साडेनऊ मिलिमीटरचं आणि डोळा जेमतेम एक मिलिमीटरचा. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवले. समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं शिल्पाच्याच आकारात काढली, आणि पुढे आतल्या सांगाड्याची तार वाकवली ती त्या चित्रावर ठेवूनच.

तारेला हात लावण्याआधी बरेच प्रश्न सोडवावे लागले, आणि मला विचाराल तर या छंदाची खरी गोडी त्यातच आहे. 'अंगात जामा, डोक्याला पागोटं, कमरेला शेला' असं वाचलं की डोळे पुढच्या ओळीवर जातात. घडवायला बसलं की जाम्याचे बंद कुठल्या बगलेत, हे ठरवावं लागतं. शेल्याची गाठ समोर की कडेला? चढउतार करताना जाम्याचा घेर पायात येणार, मग तो वर खोचायचा का? आणि पाठीमागून काय दिसतं? चित्रांत पाठ क्वचितच असते. शिल्पाला ती असतेच, आणि तिथे थापाथापी चालत नाही.

कॅलेंडरवरच्या मावळ्यांवर भिस्त ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं. पीळदार दंड आणि झगझगीत चिलखत हे चित्रकारांच्या आवडीचं, पण चार महिने वेढ्यात अडकलेल्या शिपायाच्या अंगावर ते शोभेल कसं? म्हणून त्या काळाच्या जवळचं काही शोधलं. मीर मुहम्मद याने काढलेलं महाराजांचं घोड्यावरचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. इटालियन प्रवासी मनुची याने जमवलेल्या चित्रांपैकी ते एक, 17व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपली नजर घोड्यावर खिळते. मी संगणकावर चित्र मोठं करून फक्त बरोबर चालणारी हत्यारबंद माणसं पाहत बसलो. कपडे कसे आवरलेले आहेत, हत्यार कसं धरलंय, एवढंच. बंदांचं उत्तरही त्या काळच्या रिवाजातच मिळालं: मोगल काळात हिंदू जाम्याचे बंद डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. अर्ध्या सेंटिमीटरच्या त्या गाठीवरून माणूस कोण ते कळायचं. ती गाठ मी डावीकडे केली, आणि सगळ्या आकृतीत माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे.

साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात 2024 मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा मोठी रांग होती. ती पाहून झाल्यावर मी तलवारींपुढे रेंगाळलो. जुन्या तलवारीची मूठ किती आखूड असते, हे काचेपलीकडून का होईना, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पंजा तीत घट्ट अडकून बसतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रंही बघून आलो. ती माझ्या बरकंदाजाच्या बरीच नंतरची, म्हणून त्यांतला पोशाख उचलला नाही. पण तिथले तांबडे आणि पिवळे रंग डोळ्यांत साठवून आणले.

पागोट्याचं शिक्षण काकांकडे झालं. आमचे थोरले काका कोरेगावकडे असतात आणि अजून रोज पटका बांधतात. त्यांचा पटका 1700 सालचा नाही, हे खरंच. पण लांबलचक कापड डोक्याभोवती कसं फिरतं, कुठे ताणलं जातं आणि कुठे सैल पडतं, यात फारसा फरक पडत नाही. मी म्हटलं, "काका, जरा हळू बांधा, फोटो काढतोय." तर म्हणाले, "आरं, हळू बांधून बसतोय का त्यो? पीळ हातात ऱ्हायला पायजे. आन् पेच तिरका घ्यायचा, सरळ घेतलास तर पयल्या वाऱ्याला सुटंल." तिरक्या पेचांचं ते गणित मला नुसत्या फोटोवरून उमगलं नसतं. त्यांनी दोनतीनदा सोडून पुन्हा बांधून दाखवला, मागूनही फोटो काढू दिले.

मग तार. सांगाड्याला तांब्याची एकेरी तार घेतली. ती हवी तशी वाकते आणि वाकवली तशी राहते. एका पायातून वर कमरेपर्यंत, तिथून मणका, तिथून खांदे. पायाच्या तारा तळव्याखाली लांब ठेवून लाकडी ठोकळ्यात रोवल्या, म्हणजे काम करताना धरायला ठोकळा मिळतो आणि आकृतीला बोट लागत नाही. उभं राहण्यात जीव यायचा तर वजन एका पायावर हवं. ज्या पायावर भार, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. आपल्या मंदिरांतल्या मूर्तींचा त्रिभंग याच हिशेबावर उभा असतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार असलेल्या पायाच्या घोट्यावर यायला हवा. दोरा आणि मणी घेऊन मी हे तपासत होतो. मणी बाजूला पडला की मणक्याची तार हलवायची. हे साधलं नाही तर वरचे कपडे कितीही सुरेख केले तरी माणूस पडायला आलेला दिसतो, म्हणून इथे घाई केली नाही.

शरीर भरायला एम-सील हे भेगा बुजवायचं इपॉक्सी वापरलं. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, स्वस्त आहे. दोन भाग सारखे घेऊन एकरंगी होईपर्यंत भाकरीच्या पिठासारखं मळायचं. हातमोजे घालूनच, कारण इपॉक्सी कातडीला चांगलं नाही. वाळल्यावर घासताना तोंडाला मास्कही हवा. बारीक कामाला ग्रीन स्टफ, म्हणजे लघुशिल्पांसाठीचं इपॉक्सी, ऑनलाइन मागवलं. निळी आणि पिवळी पट्टी शेजारी शेजारी चिकटलेली येते, मळली की हिरवी होते. मधली शिवण आधीच थोडी घट्ट झालेली असते, ती ब्लेडने कापून टाकावी, नाहीतर गुळगुळीत जागेवर खडे निघतात. एम-सील कडक होतं आणि घासता येतं, ग्रीन स्टफ चिवट आणि ताणलं जाणारं. म्हणून आतला माणूस एम-सीलचा आणि वरचं कापड ग्रीन स्टफचं. हत्यारं घरचीच: सुई, दाभण, टूथपिक आणि दातांच्या दवाखान्यातून मिळालेलं एक जुनं हत्यार. टोक पाण्यात बुडवत राहायचं, म्हणजे चिकटत नाही.

आधी पूर्ण उघडं शरीर करायचं, त्यावर कपडे चढवायचे. झाकायचंच आहे तर फासळ्या कशाला, असं वाटेल. पण कापड स्वतःहून कुठेच घडी घेत नाही. ते खांद्यावरून, कोपरावरून, कमरेच्या आवळणीतून लोंबतं, आणि प्रत्येक चुणी अशा कुठल्या तरी टेकूपासून निघते. आत हाड नसेल तर चुणी कुठून निघाली हे सांगता येत नाही, आणि बघणाऱ्याला ते जाणवतंच. ग्रीन स्टफची पातळ पोळी टाल्कम पावडरवर लाटली, जाम्याच्या आकारात कापली आणि अंगावर घातली. पातळ सुती कापडाला चुण्या दाट आणि लहान, घोंगडीला मोजक्या आणि जाड. माझ्या बरकंदाजाच्या खांद्यावर घोंगडी आहे, कारण तो रात्रभर उघड्यावर होता. तिच्यासाठी एम-सीलच वापरलं, आणि घट्ट होण्याआधी जुन्या टूथब्रशने टोचून तिला लोकरीचा खरखरीतपणा दिला.

बंदुकीने मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. तोडेदार बंदूक सडपातळ असते. दस्ता सरळ, नळी लाकडाला चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा तारेने आवळलेली. नळीसाठी ओळखीच्या डॉक्टरांकडून पाठीच्या कण्यात भूल द्यायची एक लांब सुई घेतली, मुदत संपलेली आणि न वापरलेली. 18 गेजच्या सुईची बाहेरची जाडी 1.27 मिलिमीटर. चोवीसने गुणलं की तीन सेंटिमीटर, नळीला हवी तेवढी. दस्ता बांबूच्या कामटीचा. नळीभोवतीच्या आवळण्या बारीक तांब्याच्या तारेच्या. आणि जामगी, म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, धुमसत राहणारी सुती वात. चाप ओढला की तिचं पेटतं टोक रंजकावर, म्हणजे कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, येतं आणि बार उडतो. ती मी शिवणाच्या दोऱ्याला पीळ देऊन केली, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून वळणावर वाळवली. ती कुठे ठेवायची, यावर बराच विचार केला. दारूचं शिंग त्याच्या उजव्या कमरेला आहे. पेटती वात शहाणा माणूस दारूपाशी नेणार नाही, म्हणून ती डाव्या मनगटाभोवती एक वेढा घेऊन बोटांत धरलेली आहे. असं एक एक कारण सापडत गेलं, तसतसा तो माणूस मला कळायला लागला.

डोकं वेगळ्या तारेवर, बुचात खोचून केलं. आधी कवटीचा गोळा, तो कडक होऊ द्यायचा. मग चेहऱ्याचा पातळ थर आणि डोळ्यांच्या जागी गोल टोकाने दोन खळगे. नाकाची पाचर, गालांची हाडं. खळग्यांत राईहूनही लहान दोन गोळ्या बसवून पुन्हा थांबायचं. पापण्या नंतर, केसाएवढ्या वातीच्या. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण कच्च्या डोळ्यावर पापणी बसवायला गेलं की डोळाच सरकतो. गालफडं आत घेतली, वेढ्यातलं खाणं लक्षात ठेवून. डोळ्यांखाली सुईने एक हलकी खाच दिली. मिशीचे दोन तुकडे वेगवेगळे चिकटवले आणि शेंडे खाली झुकवले. ताठ पिळाची मिशी सदरेवरच्या माणसाला शोभेल. रात्रभर जागून दव अंगावर घेतलेल्या माणसाची मिशी खालीच येणार. पागोटं सर्वांत शेवटी, पातळ पट्ट्यांना पीळ देऊन, काकांच्या फोटोबरहुकूम तिरके पेच घेत.

रंगवण्याआधी करडा प्रायमर, आणि तो वाळल्यावर वरून थोडा पांढरा. त्याने उजेड कुठे पडतो ते कळतं, त्याचा फोटो काढून समोर ठेवला. सात सेंटिमीटरच्या वस्तूवर खोलीतल्या दिव्याने कपड्याच्या घड्यांत पुरेशा गडद सावल्या पडत नाहीत. त्या रंगानेच द्याव्या लागतात. ब्रश अगदी बारीक घेण्याचा मोह होतो, पण तीन शून्यांच्या ब्रशवर रंग टोकाशी येईपर्यंत वाळतो. एक नंबरचा, चांगलं टोक असलेला ब्रश उत्तम. साताऱ्याच्या उन्हाळ्यात अॅक्रिलिक पॅलेटवरच सुकतं, त्यासाठी झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवला. त्यावर रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

कातडीला बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा. सावलीला काळा घालायचा नाही, त्याने माणूस मळलेला दिसतो. बर्न्ट अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन घातलं की आपल्या उन्हात रापलेल्या कातडीची खरी सावली मिळते. नाकाचा शेंडा, कानाची पाळी आणि बोटांची पेरं थोडी तांबूस ठेवली, पहाटेच्या गारठ्यासाठी. डोळ्यांत शुद्ध पांढरा नको, तो डोळे वटारल्यासारखे करतो. करडट गुलाबी झाकीचा पांढरा भरला. बुबुळ वरच्या पापणीला चिकटून, दोन्ही एकाच बाजूला वळलेली, आणि वरच्या पापणीची रेघ गडद. बुबुळं भरली त्या क्षणी तो खाली बघायला लागला. मी ब्रश ठेवून बराच वेळ नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो.

कपड्यांच्या रंगांत माझं म्हणणं ठाम आहे. विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला तो 1856 मध्ये. त्याआधीचं कापड निळीने, मंजिष्ठेने, आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी, हळदीने, करडईच्या फुलांनी रंगायचं. झगझगीत राणी रंग किंवा ट्यूबमधून थेट पिळलेला नारिंगी त्या शिपायाच्या अंगावर आला की अख्खा काळ बदलतो. जामा बिनरंगाच्या सुताचा ठेवला: सावलीत रॉ अंबर मिसळलेला करडा, वर मळकट पांढरा, अगदी पांढरा फक्त खांद्याच्या उंचवट्यावर. पागोटं आलाचं तांबडं, धुऊन धुऊन विटलेलं. शेला निळा. जामगीच्या टोकाला राखेचा करडा आणि मधोमध नारिंगीचा एक ठिपका. सगळ्या आकृतीत तेवढाच एक भडक रंग आहे.

पायथ्यासाठी गडावरून खडा उचलून आणायचा नाही, ही माझी भूमिका आहे. प्रत्येकाने एकेक नेला तर तटाचं काय होईल? परसातली माती चाळून घेतली, फेव्हिकॉलवर पसरली, आणि तटाचा कोपरा प्लास्टरमध्ये कोरून बेसॉल्टच्या निळसर काळ्या रंगात रंगवला. पाय अनवाणी ठेवले आणि घोट्यापर्यंत त्याच मातीची धूळ कोरड्या ब्रशने चढवली. मॅट व्हार्निशसाठी पावसाची उघडीप होईपर्यंत थांबलो. आषाढात साताऱ्याच्या दमट हवेत स्प्रे मारला तर पांढुरकी झाक धरण्याचा धोका असतो.

काकांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी पागोटं तपासलं, मग विचारलं, "ह्यो कुणाकडं बघतोय?" मी म्हटलं, खालच्या मोगलांच्या तळाकडे. "मग त्ये कुठं हायती?"

रास्त प्रश्न आहे. तटाखाली सुरुंग खणणारी माणसंही बिननावाचीच होती. पुढची आकृती त्यांच्यातल्या एका बेलदाराची: गुडघ्यावर बसलेला, हातात कुदळ, शेजारी मातीची पाटी. वाकलेल्या अंगाचा तोल उभ्या माणसापेक्षा अवघड आहे, म्हणून सध्या आमच्या भागातल्या विहिरीच्या कामावर जाऊन खणणाऱ्यांची रेखाटनं करतो आहे. तार कापून ठेवली आहे.